ताडगल्लीतला भेरली माड

नगरच्या दिल्ली दरवाजाबाहेर थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला एक गल्ली लागायची. तिला सगळे ताडगल्ली म्हणत. कोण्या साहेबाचा तिथे पूर्वी बंगला होता आणि त्याने फाटकापासून सडकेपर्यंत हौसेने झाडं लावली होती. साहेब गेला, बंगला गेला, त्या जागी चाळी आणि पत्र्याची घरं उठली. बरीचशी झाडं विजेच्या तारांना आड येतात म्हणून तोडली गेली. जी थोडी उरली ती सगळी ताड. खाली सरळसोट खांब आणि वर झिपऱ्या असल्या की तो ताड, एवढी ओळख गल्लीला पुरेशी होती. इंदू निसळलाही ती इतकी वर्षं पुरली होती, आणि ती तर मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची.

इंदू मूळची नेवाशाची. वडील तिथे प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुलगी हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला पुण्याला मावशीकडे ठेवली, आणि तिने वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं. तेव्हा तिला झाडांचं वेड होतं. मैत्रिणी पर्वतीवर दर्शनाला जायच्या, ही पायथ्याशीच कुठल्यातरी झुडपापाशी बसून राहायची. मग वडील गेले. धाकट्या भावंडांची शिक्षणं अंगावर आली आणि नगरची नोकरी धरावी लागली. भावंडं मार्गी लागेपर्यंत इंदूच्या लग्नाचा विषय काढायचं राहून गेलं, आणि ते राहिलं ते राहिलंच. थोरले भाऊ शामकांत कचेरीत कारकून होते. वहिनी वारल्या, मूलबाळ नव्हतं. एका सकाळी दाढी करता करता दादा आरशासमोर कोसळले. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. ते इंदूच्या दोन खोल्यांत आले आणि तिथलेच झाले.

बाहत्तर साल उजाडलं तेव्हा इंदू पन्नाशीला टेकली होती. तिचा दिवस नळापासून सुरू व्हायचा, तोही नळाला पाणी आलं तर. पावसाने आदल्या वर्षीही दगा दिला होता आणि या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. पाणी भरायचं, दादांना उठवायचं, अंग पुसायचं, धोतर बदलायचं, उचलून खिडकीशी खुर्चीत बसवायचं. मग शाळा. शाळेतून आल्यावर रेशनच्या रांगेत उभं राहून मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लालसर ज्वारी, आणायची. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. रात्री वह्या तपासताना इंदूचे डोळे मिटायचे. कुणी काही विचारलं की तोंडाला येईल ते उत्तर देऊन सुटायचं, अशी तिला सवयच लागून गेली होती. माणूस थकलं की आधी त्याची चौकशी मरते, तसं तिचं झालं होतं.

समोरच्या पत्र्याच्या घरात सहादेव राहायचा. तो आडत बाजारात हमाली करायचा. मूळचा तिसगावचा, शेती होती, पण कोरडवाहू. त्याची बायको मुक्ताबाई तोंडाने फटकळ, पण वेळेला धावून येणारी. त्यांच्या दाराशी गल्लीतलं सगळ्यात मोठं झाड होतं. त्याला वरपासून लांबलांब घोसांच्या दोऱ्या लोंबत असत, एखाद्या बाईने न्हाऊन केस मोकळे सोडावेत तशा. मुक्ताबाई त्यांना देवीच्या जटा म्हणायची. बुंध्याशी तिने एक शेंदूर लावलेला दगड मांडला होता आणि दर मंगळवारी ती त्याला हळदकुंकू वाहायची.

त्या भादव्यात तिसगावाहून चांगुणा आली. सहादेवाच्या धाकट्या भावाची ही विधवा. भाऊ विहिरीचा गाळ काढताना दरड पडून गेला होता. गावी विहिरी तळाला गेल्या, गुरं छावणीत बांधली, मग सहादेव जाऊन तिला घेऊन आला. चांगुणा तिशीचीही नसेल. सावळी, अबोल, कामाला वाघीण. भांडी, धुणं, सडा-झाडलोट सगळं तिने अंगावर घेतलं. खरकटं आणि साबणाचं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ती ते झाडाच्या मुळाशी ओतायची. खाली पडलेली लालसर फळं झाडून काढायची.

आणि नेमकं तेव्हाच झाड वाळायला लागलं. पानं पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग एकेक झावळी देठातून मोडून खाली लोंबू लागली. चांगुणाच्या हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. ती रात्रंदिवस खाजवायची.

एका संध्याकाळी इंदू रेशनची पिशवी घेऊन येत होती. मुक्ताबाईने तिला दारातच गाठलं.

"बाई, तुमी शिकलेल्या. हे झाड का वो वाळाया लागलं?"

इंदूचे पाय भरून आले होते. दादांना दुपारपासून कुणी पाणी दिलं असेल की नाही, हा घोर मनाला होता. तिने मान वर केलीच नाही. बुंध्याशी साबणाचा पांढरा फेस वाळलेला दिसला, तेवढाच.

"खारं पाणी पडतंय ना मुळाशी, त्यानं जळत असेल," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

दादांना ओलं झालेलं धोतर बदलून देताना ती हे बोलणं विसरूनही गेली.

मुक्ताबाई विसरली नाही. शास्त्राच्या बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर गल्लीला दुसरा पुरावा नको होता. नवरा खाल्ला, आता झाड खाल्लं. देवीनं बघा हातावर कशी खूण उठवलीय. असं कुणी म्हणालं, कुणी ऐकलं, कुणी त्यात भर घातली. खरं म्हणजे आडत बाजारात धान्यच येत नव्हतं, सहादेव दिवस दिवस पाठीवरचं पोतं अंथरून रिकामा बसून असायचा, आणि घरात एक तोंड वाढलेलं होतं. पण हे कारण कुणाला तोंडाने काढता येत नाही. झाडाचं काढता येतं.

दिवाळीनंतर एके दिवशी चांगुणा बोचकं घेऊन गल्लीतून निघाली. इंदू शाळेला चालली होती. दोघी समोरासमोर आल्या. चांगुणाने एकदा इंदूकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग पदर सावरून तशीच पुढे गेली. गावी जात असेल, इंदूच्या मनात आलं. घंटेला उशीर होत होता.

जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन ठरलं. मोठ्या बाईंनी विषय काढला, शहरातल्या रस्त्यांवरची झाडं. शिक्षिकांनी आपापसांत वाटणी केली. फुलांची झाडं एकीने घेतली, वड-पिंपळ दुसरीने, औषधी तिसरीने. इंदू त्या दिवशी दादांच्या तापामुळे उशिरा पोचली. उरलं होतं ते तिच्या वाट्याला आलं: पामची झाडं.

"सगळी एकसारखीच तर दिसतात," मोठ्या बाई दिलासा दिल्यासारखं म्हणाल्या. "तुम्हाला त्रास नाही पडायचा."

इंदूलाही तेच वाटलं होतं. पण चार चित्रं काढायची तरी एकदा बघून यायला हवं. म्हणून शाळा सुटल्यावर ती छत्री उघडून निघाली. दुष्काळाने बाकीची झाडं ओरबाडल्यासारखी झाली होती. कडुलिंबाचा पाला लोकांनी शेळ्यांसाठी ओढून नेला होता. पामचा पाला कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तेवढीच झाडं रस्त्याने अंगभर उभी होती.

पहिल्या दिवशी तिची मानच दुखून आली. वर बघायची सवय मोडली होती. पण हळूहळू डोळा बसायला लागला. बँकेच्या आवारातली दोन झाडं घ्या. त्यांचं खोड सिमेंटने लिंपल्यासारखं राखाडी, गुळगुळीत, मध्ये किंचित पोट सुटलेलं, आणि पानांखाली हिरवीगार चकचकीत मान. तो बॉटल पाम. लोक त्याला नारळ समजत, तिथला शिपाई म्हणालासुद्धा, "नारळ काय धरत नाही बाई, मीठ घातलं तरी." सरकारी बंगल्यापाशी पंख्यासारखी पानं असलेला एक होता, आणि त्याच्या वाळक्या पानांचा घागरा खोडाभोवती तसाच लोंबत राहिलेला. ओढ्याच्या कडेला शिंद्या होत्या. पिसासारखी पानं, देठाच्या मुळाशी दाभणासारखे काटे, आणि ताडी काढणाऱ्यांनी मानेला एकाआड एक घातलेल्या खाचा. एका मशिदीच्या अंगणात शिंदीसारखाच, पण राखी झाक असलेला आणि बुडाशी पिलं फुटलेला दिसला. तो खजूर. खरा ताड म्हणावा असा काळ्या खोडाचा, पंखेवाला, तिला सगळ्या शहरात मोजकाच भेटला.

पान पिसासारखं आहे की पंख्यासारखं, हे आधी बघायचं. मग देठाला काटे आहेत का. मग खोड खरबरीत की गुळगुळीत. मग मान. हे सगळं तिला एकेकाळी पाठ होतं. विसरलेल्या गावातली घरं एकेक ओळखीची निघावीत तसं ते परत येत होतं. थकवा होताच, पाय ठणकत होतेच. पण आल्यावर ती दादांना आपणहून काहीबाही सांगू लागली. दादा खिडकीशी बसून ऐकायचे.

शेवटी स्वतःची गल्ली राहिली होती. एका संध्याकाळी ती सहादेवाच्या दाराशी थांबली आणि तिने मान वर केली.

झाड जवळजवळ मेलं होतं. पण एक झावळी अजून अर्धीमुर्धी शाबूत होती. ती साधी पिसासारखी नव्हती. पिसाला पुन्हा पिसं फुटावीत तशी तिला उपशाखा होत्या आणि एकेक पातं तिरकं, कातरलेलं, माशाच्या शेपटीसारखं. इंदूने खाली पडलेलं एक पातं उचललं.

"भेरली माड," ती स्वतःशीच म्हणाली.

हा ताड नव्हेच. हा कोकणातल्या, घाटातल्या रानांतला. साहेबाने शोभेसाठी आणून लावला असणार. आणि या झाडाची एक गोष्ट तिला पुण्याच्या सरांनी सांगितली होती. वर्षानुवर्षं ते नुसतं वाढतं. मग एकदा फुलायला लागतं. पहिला घोस अगदी शेंड्याला, दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्या खाली. असं फुलत फुलत ते खाली उतरतं आणि शेवटचा घोस झाला की संपतं. त्याला कुणी मारत नाही. फळाच्या रसाने मात्र हात लावणाऱ्याच्या अंगाला भयंकर खाज सुटते, कुणाच्याही.

ती जिना चढून वर आली. दादा नेहमीच्या जागी बसले होते.

"दादा, समोरच्या झाडाचे घोस... आधी वरचे आले की खालचे?"

दादांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग डावा हात उचलून त्यांनी वरून खाली आणला.

"वरचा... पहिला. मी इथं... आलो, तेव्हा. मग खाली... खाली. हा... शेवटचा."

"तुम्ही बघत होतात?"

"दुसरं काय... बघू?"

इंदू त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसली. इतकी वर्षं ती दादांना त्या खिडकीशी उचलून ठेवत आली होती. त्यांना तिथून काय दिसतं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. आणि खाऱ्या पाण्यानं जळतंय म्हणून आपण कुणाच्या डोक्यावर काय ठेवून मोकळ्या झालो, तेही, कानांवरून गेलेली गल्लीतली कुजबुज आठवून, आता तिच्या ध्यानात आलं. बोचकं घेऊन जाणारी, तोंड उघडून मिटून घेणारी चांगुणा तिला डोळ्यांसमोर दिसली.

त्याच पावली ती समोर गेली. मुक्ताबाई चूल फुंकत होती. इंदूने सगळं सांगितलं. पातं दाखवलं, घोस दाखवले.

मुक्ताबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, खाऱ्या पान्याचं तर तुमीच म्हनल्या हुत्या."

"मी न बघता बोलले, मुक्ताबाई. चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. आता काय त्याचं?" तिने फुंकणी खाली ठेवली. धुराने की कशाने, तिचे डोळे भरले होते. "तुमाला खरं सांगू का? मला काय कळत न्हवतं व्हय, पान्यानं एवढं मोठं झाड मरत न्हाई म्हनून? पन ह्यांच्या पाठीला काम न्हाई. पोरं रातची उठून भाकर मागत्यात. जा म्हनायला तोंड उचलत न्हवतं माझं. तुमी बोलला आन् मला वाट घावली."

इंदूने रागवावं तर कुणावर?

"कुठे आहे ती आता?"

"तिसगावच्या बाजूला तलावाच्या कामावर हाय म्हनं. माती वाहती."

पुढच्या रविवारी इंदूने शेजारच्या रतनबाईंना दादांजवळ बसवलं आणि ती पाथर्डीची एसटी धरून निघाली. रतनबाई म्हणाल्याही, "अहो, एक कार्ड टाका. कशाला जिवाचे हाल?" पण चांगुणाला वाचता येत नव्हतं. आणि हे शब्द कुणी दुसऱ्याने वाचून दाखवावेत, असं इंदूला वाटेना. गाडी धुळीने भरलेली. करंजीचा घाट चढताना इंजिन धापा टाकत होतं. दोन्ही बाजूंना जमीन भाजून काढलेल्या खापरासारखी. इंदूला मध्येच वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. कशासाठी चाललोय आपण? कोण आपल्याला विचारायला आलं होतं? ती तशीच बसून राहिली, कारण उतरण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं.

तिसगावला उतरून विचारत विचारत ती चालत कामावर पोचली. माळाच्या पोटात मोठा खड्डा खणला होता आणि माणसं मुंग्यांसारखी त्यातून वर येत होती. बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावर चढत, माती ओतत, पुन्हा उतरत. सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची झाली होती. चांगुणा तिला ओळखूच आली नाही. चांगुणानेच तिला ओळखलं.

"बाई? तुमी हितं?"

दुपारच्या सुट्टीत बायका एका वाळल्या बाभळीच्या विरळ सावलीत बसल्या. सुकडी, सरकारकडून मिळणारं गोडसर पीठ, वाटली गेली. चांगुणा मात्र त्यांच्यात बसली नाही. ती उन्हात, लांब एका दगडावर जाऊन टेकली. इंदू तिच्याशेजारी बसली आणि तिने पहिल्यांदा खाली मान घालून, मग हळूहळू नीट, सगळं सांगितलं. आपण न बघता काय बोललो ते, आणि झाड खरं काय होतं ते.

चांगुणा ऐकताना सुकडी बोटाने चाळवत राहिली. राग आला असेल तर तो चेहऱ्यावर दिसला नाही; राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

"झाडाचं सांगाया एवढ्या लांब आल्या?" ती म्हणाली. "मला ठाव हुतं बाई, मी काय केलं न्हाई ते. मला कशाला सांगता? त्यांला सांगा." तिने हनुवटीने सावलीतल्या बायकांकडे खूण केली. "सोयऱ्याधायऱ्यांकून हितवर आलं समदं. झाड जाळनारी म्हनत्यात मला. मडक्याला हात लावू देत न्हाईत. पानी वरून वततात. पाटी उचलून द्यायची म्हनलं तर कुनी जोडीला येत न्हाई."

इंदू उठली. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. ती सावलीपाशी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं वर्गावर उभं राहिलेला तिचा आवाज त्या दिवशी पार बसला होता, तरी ती बोलली. भेरली माड कसा असतो, कसा वरून खाली फुलतो, फुलून झाल्यावर कसा मरतो.

पाण्याच्या मडक्याशी एक थोराड बाई बसली होती, आक्काबाई. कामावर तिचा शब्द चालायचा. तिने तोंडातली मिश्री थुंकली.

"आन् हिच्या हातावर उठलं ते? ते बी फुलूनच उठलं व्हय?"

बायका हसल्या. इंदूने रुमालाची गाठ सोडली. आत माडाची थोडी फळं होती. वाळत आलेली, पण आतून ओली.

"हे फोडून मनगटाला लावून बघा. मात्र धुवायला पाणी हाताशी ठेवा."

आक्काबाईने हात पुढे केला. "आन हिकडं. मला काय देवी खाती का बघू." तिने फळ दगडाने ठेचलं आणि मनगटावर चोळलं. सगळ्या बघत राहिल्या. आक्काबाई ऐटीत इकडेतिकडे पाहत होती. मग तिचा चेहरा बदलला.

"अगं आये गं!" ती मनगट लुगड्याला घासत उठली. "लई खाजतंय की! अगं पानी वता कुनीतरी, पानी!"

मडकं जवळ होतं, पण जी ती पोट धरून हसत होती. आणि दगडावरची चांगुणा धावत आली, तिने मडक्यात वाटी बुचकळली आणि आक्काबाईच्या हातावर पाणी ओतायला लागली. मडक्याला हात लागला हे कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या आलं नाही.

"माती चोळा वो वरून," चांगुणा सांगत होती. "मला मातीनंच बरं वाटलं हुतं."

हसणं ओसरल्यावर गोजरबाई नावाची एक म्हातारी म्हणालीच, "कायबी म्हना, झाड तर वाळलंच ना शेवटी." आक्काबाई मनगट चोळत चांगुणाला म्हणाली, "उद्याच्याला माझ्या जोडीला ये पाटी उचलाया. आता बस हितं सावलीला, उनात कशाला मरती."

सुट्टी संपली. चांगुणा इंदूला बांधापर्यंत सोडायला आली.

"मुक्ताबाई म्हणत होती..." इंदूने सुरुवात केली. मुक्ताबाई तसं काहीच म्हणाली नव्हती. "परत चलतेस का नगरला? मी बोलेन त्यांच्याशी."

"न्हाई बाई. त्यांची चूल त्यांलाच पुरंना. आक्का वाईट न्हाई वो. हितं माझ्या हाताचं मला मिळतंय." पदर खोचत ती म्हणाली, "तुमी त्या दिशी सडकंला भेटला न्हव का, तवा मी इचारनार हुते, बाई तुमी असं का म्हनला म्हनून. मग म्हनलं, जाऊ दे. तुमीबी लई दमल्यावानी दिसत हुता."

इंदूला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. तिने चांगुणाचा मातीने भरलेला हात हातात घेतला. तो सालपटांनी खरखरीत झाला होता, पण पुरळ गेलं होतं.

घरी पोचायला दिवेलागण झाली. रतनबाईंनी दादांना भात भरवून ठेवला होता. इंदूने पिशवी खाली टाकली आणि भिंतीला टेकून बसली.

"भेटली?" दादांनी विचारलं.

"भेटली."

"काय... म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही दमलेल्या दिसता."

दादांनी बराच वेळ लावून एकच शब्द काढला. "खरंय."

प्रदर्शन झालं. पाहुणे फुलांच्या टेबलापाशी रेंगाळले. पामच्या टेबलाशी क्षणभर थांबून "वा, नारळाचे इतके प्रकार!" असं म्हणाले आणि चहाला गेले. इंदूने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. तिच्या हातात दादांच्या औषधाची चिठ्ठी होती आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. उन्हाळ्यात पालिकेच्या माणसांनी समोरचं झाड पाडलं. खोड आतून भुसभुशीत निघालं. सहादेवाने झावळ्यांचे देठ जळणाला नेले. मुक्ताबाईने शेंदराचा दगड उचलून घरात कोनाड्यात ठेवला. गल्लीचं नाव मात्र ताडगल्लीच राहिलं. इंदूने दादांची खुर्ची दुसऱ्या खिडकीशी हलवली. तिथून टांगास्टँडचा थोडासा भाग दिसायचा, आणि संध्याकाळी ती त्यांना विचारू लागली, आज काय काय पाहिलंत?

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. दिवाळी होऊन गेल्यावर एका बाजारच्या दिवशी चांगुणा दारात आली. अंगावर धुतलेलं लुगडं, कडेवर बाजरीची पिशवी. चुलत दिराशी वाटा करून तिने रान पेरलं होतं. समोरच्या घरी ती गेली नाही. मुक्ताबाईने दारातून पाहिलं, चांगुणानेही पाहिलं. "बरी हायेस का?" "हाय." एवढंच झालं.

इंदूने चहा टाकला. चांगुणा उंबऱ्याशी बसून सांगत राहिली. बैल भाड्याने मिळायला कसा उशीर झाला, कणसं कशी भरली, पाखरांनी किती नेलं, आक्काबाईची लेक कुठे दिली. इंदू ऐकत होती. मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, आणि मधूनमधून तिचे डोळे मिटत होते.

"निजा जरा, बाई," चांगुणा म्हणाली. "माझी गाडी सांजंची हाय. दादांकडं मी बघते."

इंदूने नको म्हणायला तोंड उघडलं, पण ती तशीच भिंतीला कलली. आत चांगुणा दादांना बाजरीचं पीक हाताच्या खुणांनी दाखवत होती, आणि दादा आपल्या जड जिभेने तिला विचारत होते, उभं... किती... उंच?

"तुमच्या छातीला लागंल एवढं," चांगुणा म्हणाली.